विनासनद

आपाची मुलगी गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये एमएस्सी करते. प्रवेश मिळाला तेव्हा आपा म्हणाली होती, "कॉम्प्युटरच शिकायचा तर सॉफ्टवेअर शिक, हे चोर-पोलीस कशाला?" मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या ईदला ती घरी आली. बोलता बोलता मी शाळेतला किस्सा सांगितला. आठवीतल्या एका मुलाने बाईंबद्दल घाणेरडं लिहिल्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आला होता. मुलगा शपथा घेत होता. मी त्याला वर्गासमोर झापलं, वडिलांना बोलावून घेतलं.

"मामू, ज्या फोनवर मेसेज आला तो फोन पाहिलात?"

"नाही. फोटो होता ना!"

तिने एका मैत्रिणीचा नंबर माझ्या नावाने सेव्ह केला आणि दोन मिनिटांत स्क्रीनशॉट दाखवला. त्यात मी तिच्याकडे दहा हजार रुपये उसने मागत होतो.

मग तिने अभ्यास समजावला. जप्त केलेली हार्ड डिस्क थेट उघडायची नाही. राइट ब्लॉकर लावून तिची हुबेहूब प्रत काढायची आणि तपासणी प्रतीवर करायची. दोन्हींची हॅश व्हॅल्यू जुळली पाहिजे. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अंक-अक्षरांची असते. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी बदलते. डिस्क कुणाच्या हातून कुणाकडे, कधी गेली याची नोंद ठेवायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.

ऐकताना मला लहानपणचे मौलवीसाहेब आठवले. हदीसआधी ते सनद सांगत: याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने अमक्याकडून. साखळीतली एक कडी कच्ची निघाली, तर मजकूर कितीही चांगला असो, हदीस जईफ ठरते. हे मी मुलांना अभिमानाने सांगत आलो. आणि एका पोराची इज्जत मात्र विनासनद चित्रावर घालवली.

सुट्टीनंतर त्याच वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. "मेसेज कुणी लिहिला, मला माहीत नाही. पण न तपासता मी निकाल दिला, ही माझी चूक." तो मान खाली घालून बसून राहिला.

आता त्याच्या वडिलांकडे जायचं आहे. ते जास्त अवघड आहे.