तीन डिसेंबर

३ डिसेंबर १९६५ रोजी बीटल्सचा ‘रबर सोल’ ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी ‘डे ट्रिपर’ची तबकडीही आली आणि त्याच रात्री ग्लासगोत त्यांचा अखेरचा ब्रिटन-दौरा सुरू झाला. १९६३ च्या ३ डिसेंबरला ते पोर्टस्मथमध्ये गात होते; पॉलच्या आजारपणामुळे नोव्हेंबरात राहून गेलेला तो कार्यक्रम होता. मार्क लुइसन या अभ्यासकाने त्यांचे असे एकेक दिवस लावून ठेवले आहेत. धुळ्यात एम. ए. करताना मित्राच्या कॅसेटवर मी ही गाणी प्रथम ऐकली. ‘नॉर्वेजियन वुड’मधली जॉर्जची सतार तेव्हा नवशिकी वाटली होती, आजही वाटते. पण ‘रबर सोल’पूर्वीचे आणि नंतरचे बीटल्स असे आपण म्हणू शकतो, कारण तारखा हाताशी आहेत.

जळगावात मात्र ही तारीख बहिणाबाईंची. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. जन्म २४ ऑगस्ट १८८०, असोदे. त्या निरक्षर, घरात, शेतात काम करताना सुचलेली गाणी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ टिपून घेत. अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ साली पुस्तक झाले. ‘विकासक्रम’, ‘कालखंड’ हे आपल्या समीक्षेचे लाडके शब्द इथे लटके पडतात. अमुक गाणे केव्हाचे, असे विद्यार्थी विचारतात. मी त्यातल्या कामावरून हंगाम सांगतो : पेरणी, कापणी, रगडणी, उपननी. वर्ष सांगता येत नाही.