सांथोमचा मोर, टी. नगरची पंगत

चेन्नईला जायचे तर हातात एखादा रविवार असावा. देवळे कुठल्याही दिवशी दिसतात, पण चर्च आणि गुरुद्वारा पाहायचा तो माणसांनी भरलेला असताना.

मरिना किनारा दक्षिणेकडे जिथे मैलापूरला भिडतो तिथे सांथोमचे पांढरेशुभ्र चर्च उभे आहे. इथले पहिले मोठे चर्च पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधले. आजची उंच मनोऱ्याची इमारत इंग्रजी अमदानीतली, 1896 साली पूर्ण झालेली. तळघरातल्या छोट्या प्रार्थनागृहात येशूचा शिष्य थॉमस याची मानली जाणारी समाधी आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात भारतात आला आणि इथेच मारला गेला, अशी परंपरेची श्रद्धा. तेराव्या शतकाच्या अखेरीस या बाजूला आलेल्या मार्को पोलोने तर वेगळीच कथा नोंदवली: थॉमस रानात प्रार्थनेला बसला होता, भोवती मोर होते, आणि मोरावर सोडलेला कुणा शिकाऱ्याचा बाण त्याला लागला. इतिहासकार या कथेला फारसे वजन देणार नाहीत. पण मुख्य वेदीकडे पाहिले की मोर अजून गेलेला नाही हे कळते. वेदीवरचा ख्रिस्त कमळावर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोर आहेत.

तमिळ मिस्सा सुरू होती. पुढच्या बाकांवर मोगऱ्याचे गजरे, कांजीवरमचे काठ, मधूनच पेंगणारी पोरे. कम्युनियनची वेळ आली तशी माणसे रांगेने पुढे गेली. उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवून, ओंजळ थोडी वर उचलून, एकेकजण ती पातळ पांढरी चकती घेत होता. कुणी हिसकत नव्हते, निवडत नव्हते. ठेवले जाईल ते घ्यायचे. माझा बाप्तिस्मा झालेला नसल्याने मी बाकावरच बसून राहिलो. ही पंगत फक्त घरच्यांची, हा नियम मला माहीत होता.

तिथून मेट्रोने परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट. विमानतळाशेजारची ही टेकडी. वर 1523 सालच्या चर्चचा वारसा सांगणारे छोटे देऊळ आहे आणि त्यात दगडात कोरलेला एक क्रूस. पोर्तुगीजांना तो 1547 मध्ये पाया खणताना सापडला, आणि त्याच्या कडेने कोरलेली अक्षरे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतली निघाली. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसे होती, आणि त्यांचा इराणशी संबंध होता, याचा हा दगडी पुरावा. टेकडीच्या पायऱ्यांसाठी अठराव्या शतकात पैसा दिला तो मद्रासच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याने, पेत्रुस उस्कानने. ज्यू शिष्य, इराणी अक्षरे, आर्मेनियन पायऱ्या, पोर्तुगीज भिंती, तमिळ भक्त: इथला ख्रिस्त एवढ्या हातांतून आला आहे.

थॉमसची ओळख शंका घेणारा शिष्य अशी. पुनरुत्थित येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. ख्रिस्ती धर्माचा गाभा याच गोष्टीत आहे. तिथे देवाला देह आहे, देहाला जखम आहे आणि जखमेला हात लागू शकतो. शीख शिकवण नेमकी इथे थांबते. गुरू नानकांच्या मूलमंत्रातला परमेश्वर एक आहे, निर्भय आहे, कुणाशी वैर नसलेला आहे, काळाच्या पलीकडे आहे आणि कुठल्याही योनीत जन्म न घेणारा आहे. म्हणजे देवाने देह घेण्याच्या ज्या घटनेवर चर्च उभे आहे, ती घटना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबाच्या दृष्टीने घडूच शकत नाही. सगळे धर्म एकच, असे टेकडीवरच्या गार वाऱ्यात म्हणून टाकणे सोपे आहे. पण त्यात दोन्ही बाजूंचा अपमान होतो.

संध्याकाळी टी. नगर गाठले. पाँडी बाजारातल्या साड्यांच्या गर्दीतून सुटून जी. एन. चेट्टी रोडला लागले की गुरू नानक सत्संग सभेचा गुरुद्वारा येतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळात इथल्या शिखांना एकत्र आणण्यात लेफ्टनंट कर्नल गुरदयालसिंग गिल यांचा पुढाकार मोठा. वेलाचेरीतले गुरू नानक कॉलेज 1971 चे. पंजाबपासून एवढ्या लांब, तमिळ मुलखात, मूठभर समाजाने शाळा-कॉलेजे काढली. गुरू नानक स्वतः रामेश्वरमार्गे सिंहलद्वीपाला गेल्याचे जन्मसाखी, म्हणजे त्यांच्या जुन्या चरित्रकथा, सांगतात; तेव्हा दक्षिण त्यांना परकी नव्हती असे शीख मानतात.

डोक्याला रुमाल बांधून आत गेलो. मधोमध गुरू ग्रंथसाहिब, वर चांदवा, मागे चौरी ढाळणारा सेवादार. 1430 पानांच्या या ग्रंथाला गुरुपद दिले गेले ते 1708 मध्ये, आपल्या नांदेडला. आणि त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. तमिळनाडूत, पंजाबी माणसांमध्ये बसलेल्या मराठी माणसाला याहून ओळखीची खूण कोणती हवी!

मग लंगर. जमिनीवर चटई, समोर ताट. रोटी वाढणारे सरदारजी माझ्यापाशी आले, मी सवयीने एक हात पुढे केला. ते हसून म्हणाले, "दोनों हाथ, जी." मी ओंजळ केली, तेव्हा रोटी पडली.

सकाळी सांथोमला पाहिलेली ओंजळ हीच होती. देव कसा आहे यावर दोघांचे जमत नाही. तो कसा मिळतो यावर मात्र आश्चर्य वाटावे इतके जमते. शीख माणसाने नाम घ्यायचे, कष्टाचे खायचे, वाटून खायचे. पण हे सगळे करूनही मुक्ती ही त्याची कमाई ठरत नाही; ती त्या एकाच्या नदरेने, कृपादृष्टीने होते. मूलमंत्राचा शेवटही गुरूच्या कृपेवरच होतो. ख्रिस्ती शिकवणीत तारण ही मजुरी नाही, देणगी आहे. शिखांनी या वाटेतल्या अडसराला 'हौमै', म्हणजे मीपणा, म्हटले, ख्रिस्त्यांनी गर्व. दोन्हीकडे मी मिळवले म्हणणारा माणूस बंद मूठ घेऊन दारात उभा राहतो. फरक एवढाच की चर्चची ती ओंजळ बाप्तिस्मा झालेल्यांची, लंगरची येईल त्याची. चर्च आपल्या भाकरीत ख्रिस्ताचा देह पाहते, म्हणून ती जपून देते. गुरुद्वाऱ्याला पंगतीतली जातपात मोडायची होती, म्हणून दार उघडे. 2015 च्या डिसेंबरात चेन्नई पुरात बुडाली तेव्हा याच स्वयंपाकघरातून लोकांना जेवण गेले.

या दोन ओंजळींमधले अंतर एका माणसाने पायी कापले. साधू सुंदरसिंग, जन्म 1889, लुधियानाजवळच्या रामपूरचा, शीख घरातला. आई भक्त वृत्तीची. मुलाने साधू व्हावे अशी तिची इच्छा. ती गेली, मुलगा सैरभैर झाला, मिशन शाळेतले बायबल त्याने जाळले, आणि 1904 च्या डिसेंबरात त्याला ख्रिस्तदर्शन झाले. पुढच्या वर्षी शिमल्याला बाप्तिस्मा. पण त्याने कोट-पाटलोण चढवली नाही. भगवी वस्त्रे, फेटा आणि पायी भटकंती हे आईने दाखवलेले रूपच त्याने ठेवले. 1918 मध्ये तो मद्रासकडे आला. त्याच्यावर इंग्रज धर्मशास्त्रज्ञ स्ट्रीटर यांच्याबरोबर 1921 मध्ये पुस्तक लिहिणारे ए. जे. अप्पासामी हे तमिळ ख्रिस्ती. ख्रिस्ती धर्माकडे भक्तिमार्ग म्हणून पाहणारे पुस्तकही त्यांनी पुढे लिहिले. 1929 मध्ये तिबेटच्या वाटेवर निघालेला साधू परत आला नाही. या कथेला दुसरी बाजूही आहे. रामपूरच्या घरातून त्याला बाहेर पडावे लागले. त्या घराच्या दृष्टीने हे पूल बांधणे नव्हते, मुलगा गमावणे होते.

मराठी वाचकाला इथे रेव्हरंड टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगत, आणि अखेरच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून त्यांनीही संन्यास पत्करला. नामदेव पंजाबात गेले, तुकोबा टिळकांच्या हाती लागले. कृपेवाचून काही नाही हे वारकऱ्यांनी इतक्या वेळा म्हटले आहे की सांथोम आणि टी. नगर या दोन्ही ठिकाणी मराठी माणूस पाहुणा असला तरी अनोळखी नसतो. देहधारी देव की योनीबाहेरचा अकाल, हा वाद खरा आहे आणि तो मिटवायची घाई नको. तो चालू असतानाही एकमेकांच्या दारात ओंजळ घेऊन जाता येते. चेन्नईत हे दोन्ही एका रविवारात बसते.