आणखी दोन उन्हं

सुकेळं तयार झालं की नाही, हे आजी डोळ्यांनी ठरवत नाही. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घातली की रोज संध्याकाळी ती एकेक केळं अंगठ्यानं मधोमध दाबून बघते. वरून मधासारखा रंग आलेला असतो, आम्हाला तोंडात टाकायची घाई असते. पण आजी म्हणते, ‘‘आत ओल आहे. आणखी दोन उन्हं दाखवायला हवीत.’’ आमच्या वसईतल्या निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला, शंकराचार्यांच्या मंदिरापाशी. त्या जत्रेत सुकेळी घ्यायला लांबून लोक येतात. ओल राहिलेलं सुकेळं त्यांच्या गळ्यात मारलं, तर पुढच्या वर्षी ते आपल्या टोपलीकडे फिरकणार नाहीत, एवढा साधा हिशेब.

मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला ‘आपलं गाव’ या विषयावर पाच मिनिटांची फिल्म करायची होती. मी मोबाइल घेऊन जत्रेत घुसले. आकाशपाळणा, खेळणी, तळ्याचा काठ, सुकेळ्यांच्या टोपल्या, जे दिसेल ते टिपत सुटले. घरी येऊन बघितलं, तर एकही शॉट पाच सेकंद स्थिर नव्हता. आवाजात आजी कुठेच नव्हती. होता तो फक्त लाउडस्पीकर. वर्गात सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तू कुठे उभी होतीस?’’ मी कुठेच उभी नव्हते. नुसती चालत होते.

दुसऱ्या वर्षी मी तयारीनिशी आले. मित्राचा कॅमेरा, ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक. तेव्हा माझ्या डोक्यात भव्य फ्रेमचं खूळ होतं. कोल्डप्लेच्या २०१६ सालच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ गाण्याच्या व्हिडिओत आपला वसईचा किल्ला दिसतो, हे आम्ही मुलं अजून अभिमानानं सांगतो. मला निर्मळही तसंच झळकवायचं होतं. आजीला चांगलं लुगडं नेसवलं, चेहऱ्यावर उजेड नीट घेतला आणि म्हटलं, बोल. आजी बोलली, पण पुस्तकातलं. घरात ती आमची कादोडी, म्हणजे सामवेदी बोली बोलते. कॅमेरा लागताच तिनं शाळामास्तरांसमोर उभं राहिल्यासारखी प्रमाण मराठी काढली, ‘आम्ही केळी सुकवतो’ म्हणाली आणि गप्प झाली. चित्र लख्ख होतं, पण त्यातली बाई मला ओळखू येईना.

तिसऱ्या वर्षी चित्रपटाचा इतिहास शिकताना दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा भेटला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी चित्रित करून मिनिटभराच्या फिल्ममध्ये रोप उगवून दाखवलं. मला वाटलं, अंकुर वाढतो तसं केळं सुकतं. हे तर आपल्या गच्चीवर आहे!

हिशेब मांडला. दर पाच मिनिटांनी एक फोटो, दिवसाचं आठ तास ऊन, म्हणजे ९६ फोटो. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर एका दिवसाचे झाले चार सेकंद. सहा दिवसांचे चोवीस. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला की माझं काम संपलं, असं वाटलं होतं. पण केळी परतावी लागतात, कावळे हाकलावे लागतात, ढग आला की धावावं लागतं. त्यामुळे सहाही दिवस मी आजीशेजारी बसून होते. तिचे हात गुंतलेले, त्यामुळे जीभ मोकळी. रेकॉर्डर चटईच्या कडेला पडलेला असे. कुणाच्या वाडीत राजेळी उरली, कुणाच्या वाडीवर इमारत आली, जत्रेत पहिल्यांदा चालत कोण कोण गेलं होतं, सगळं ती आपल्या बोलीत सांगत गेली. मी फक्त ‘हं’ म्हणत होते. माझ्या तिन्ही वर्षांच्या शिक्षणातलं सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण त्या ‘हं’मधून झालं.

फिल्म लॅपटॉपवर आजीला दाखवली. पडद्यावर केळी पांढरी होती, पिवळी झाली, तपकिरी झाली; मधूनच तिचा हात एखाद्या फ्रेमपुरता चमकून नाहीसा होई. आजी हसली. म्हणाली, ‘‘सहा दिवसांचं तू एवढ्यात उरकलंस? माझा हात तर दिसलाच नाही.’’

मी पुन्हा एडिटला बसले. चोवीस सेकंद तसेच ठेवले, पण त्यांच्यानंतर एकच सलग शॉट जोडला: दोन हात, एक केळं, घाई न करता परतलेलं. खाली आजीची बोली, वर कसलंही संगीत नाही. पुन्हा दाखवली. आजी शेवटपर्यंत गप्प होती. मग तिनं अंगठा लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवला, जरासा दाबला.

‘‘बरी झालीय,’’ ती म्हणाली, ‘‘आणखी दोन उन्हं दाखव.’’