आईची फणी, लेकीचे केस

१९८०च्या दशकात डोंबिवलीतल्या मुलीचे केस किती वाढू द्यायचे, हे बरेचदा मध्य रेल्वे ठरवायची. आईला फोर्टातल्या ऑफिसात मस्टर गाठायचं असे, म्हणजे आठच्या आतबाहेरची गाडी. त्याआधी डबे, पाणी, धाकट्याचे मोजे. वेणीसाठी उरायची दहा मिनिटं. केस सरळ असले तर तेवढ्यात दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी, सगळं होऊन जायचं. कुरळे असले तर व्हायचं नाही. मग पहिलीतच बॉयकट. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघींचे केस असे गाडीपायी गेले.

माझे वाचले, कारण आईला त्यांचा अभिमान होता. तिचे स्वतःचे केस सरळ आणि मऊ, कमरेखाली येणारे. अंबाडा आकड्याशिवाय नुसत्या गाठीवर राहायचा. माझे वडिलांकडून आलेले, बारीक कुरळे, दाट आणि राठ. पण आई विंचरायची ती आपल्याच केसांच्या हिशेबाने. केस खडखडीत वाळले की मुळाशी फणी रोवायची आणि थेट शेवटापर्यंत ओढायची. तिच्या केसांतून फणी अशीच जायची, मग लेकीच्या का जाऊ नये? माझे केस दोन फटक्यांत पिंजून डोक्याच्या दुप्पट व्हायचे, मानेपाशी गुंता अडायचा आणि मी हलले की पाठीत धपाटा. "मान सरळ ठेव गं, गाडी जाईल माझी!" शेवटी पसाभर खोबरेल ओतून सगळं चापूनचोपून बसवायचं. शाळेत दुसऱ्या तासापर्यंत कपाळावर तेलाचा ओघळ यायचा.

यामागचं कारण आता कोणीही सांगतं. टाळूवर सुटणारं तेल सरळ केसावरून विनासायास खाली उतरतं. कुरळ्या केसाच्या वळणावळणावर ते अडतं. म्हणून मूळ तेलकट आणि टोकं कोरडी. एकमेकींच्या आधाराने बसलेल्या बटा कोरड्या असताना विंचरल्या तर सुट्या होतात, फुलतात, तुटतात. त्या काळी याला एकच नाव होतं: झिपऱ्या.

रविवारी डोक्यावरून अंघोळ असे. शिकेकाई, रिठे, आवळकाठी आणि नागरमोथा गिरणीतून दळून आणलेले असत. एरवी गोदरेजची शिकेकाईची वडी होतीच. रामायण सुरू व्हायच्या आत, म्हणजे १९८७-८८च्या त्या रविवारांत, घरातल्या सगळ्या बायकांची डोकी धुऊन व्हायलाच हवीत असा दंडक होता. आईच्या केसांतून शिकेकाईची पूड दोन तांब्यांत निघून जायची. माझ्या केसांत ती बुधवारपर्यंत सापडत राही. वर पंचाने खसाखसा पुसणं. हे सगळं प्रेमाने चाललेलं असे, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

सुटका केली ती शेजारच्या अम्मांनी. डोंबिवलीत मल्याळी आणि तमिळ कुटुंबांची वस्ती जुनी. आमच्या मजल्यावर पालक्काडकडचं एक घर होतं. अम्मांचे केस माझ्यासारखेच, किंबहुना जास्तच कुरळे. त्यांनी एकदा जिन्यात माझं रडणं ऐकलं आणि आईला काही न बोलता मला आत नेलं. बागेतल्या जास्वंदीची पानं पाण्यात चुरडून त्यांनी बुळबुळीत हिरवा गर काढला. त्यांच्याकडे त्याला ताळी म्हणतात. तो केसांना चोळला, आणि केस ओलेच असताना बोटांनी, टोकाकडून वर वर येत, गुंता सोडवला. फणी शेवटी, तीही रुंद दातांची. पुसायला पातळ सुती तोर्तु, त्याने केस फक्त टिपायचे. वेणी सैल. एकदाही ओरडले नाही.

आईला ते मुळीच आवडलं नाही. आपल्या मुलीचं डोकं दुसरीच्या हातात गेलं की कुठल्या आईला आवडेल? ओल्या केसांना फणी लावू नये, हा तिच्या माहेरचा नियम. सरळ, नाजूक केसांसाठी तो बरोबरच आहे, कारण ओला केस ताणला जाऊन लवकर तुटतो. तरी पुढच्या रविवारी तिनेच विचारलं, "अम्मांकडे जातेयस ना? हे पोहे घेऊन जा." त्यापुढची तडजोड अशी ठरली: रविवार अम्मांचा, बाकीचे वार आईचे.

एका गोष्टीत मात्र कुरळे केस जिंकायचे. मे महिन्यात मोगऱ्याच्या कळ्यांची भरगच्च वेणी घालून स्टुडिओत फोटो काढायचा, मागे आरसा ठेवून, पाठीवरची फुलं दिसावीत म्हणून. सरळ केसांच्या मैत्रिणींना त्यासाठी गंगावन जोडावं लागे, आणि तेही फुलांच्या भाराने घसरत यायचं. माझ्या वेणीत कळ्या घट्ट बसायच्या. तो फोटो आईने दिवाणखान्यात लावला होता. रोजचा गुंता विसरून ती पाहुण्यांना सांगायची, "सगळे तिचेच हो, गंगावन नाही."

मधली काही वर्षं मला आजही आवडत नाहीत. शाम्पूच्या जाहिरातींत सरळ, चकचकीत केसांचे पडदे हलू लागले आणि ठाण्यात गोखले रोडला, डोंबिवलीत फडके रोडला पार्लरमधून स्ट्रेटनिंग, मग स्मूदनिंग सुरू झालं. आया मुलींना लग्नाआधी, कधी दहावीच्या सुट्टीत तिथे नेऊ लागल्या. रसायनाने केसातले बंध तोडायचे आणि सरळ करून पुन्हा जोडायचे. मुळाशी नवा केस कुरळाच उगवतो, म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा तिथेच. आईच्या फणीत निदान केसांचा स्वभाव बदलण्याचा हट्ट नव्हता.

आता चित्र उलटं आहे. आमच्या सोसायटीतली एक तरुण आई, स्वतःचे केस छडीसारखे सरळ, कुरळ्या लेकीसाठी व्हिडिओ बघून सगळं शिकली. कंडिशनर लावून ओल्या केसांतून बोटं फिरवते, जुन्या टीशर्टने टिपते आणि वर जेल लावते. जेल कशाचं, तर जवसाचं. जवस उकळून बुळबुळीत गर काढायचा, गाळायचा, केसांना लावायचा. अम्मांची जास्वंद आणि हे जवस, काम एकच. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जवसाची चटणी करतात गं, केसांना काय लावता!" त्याच जवसाची विकतची छोटी डबी कित्येक पट महाग असते, हे मी तिला सांगितलेलं नाही.

खोबरेलाचं मात्र आई पूर्वीपासून बरोबर सांगत होती. मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासलं. केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली ती एकट्या खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं. पॅराशूट विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास आहे, ही गोष्ट लक्षात ठेवूनही तो वाचण्यासारखा आहे.

माझ्या लेकीचे केस आजीवर गेले. सरळ, सुळसुळीत, क्लिपही न धरणारे. कुरळ्यांचं सगळं ज्ञान घेऊन मी तयार होते आणि मुलगी निघाली अशी. माझ्या हातची सैल वेणी तिच्या डोक्यावर पाच मिनिटंही टिकत नाही. म्हणून ती सुट्टीत आजीकडे जाऊन बसते. आजी तीच बारीक फणी घेते, मुळापासून शेवटापर्यंत एका ओढीत नेते, आणि मुलीला झोप येते. आई माझ्याकडे बघून म्हणते, "बघ, हिला कसं दुखत नाही." मी काय बोलणार?

एकाच बाबतीत जुनं-नवं काहीच चालत नाही. पूर्वी बारवी धरणाचं मऊ पाणी यायचं, शिकेकाईलाही फेस यायचा. आता उन्हाळ्यात पुरवठा कमी झाला की सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. ना शाम्पू धुतला जातो, ना जेल बसतं. सरळ काय, कुरळे काय, सगळेच काथ्या. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सकाळीच कुणीतरी लिहितं, आज टँकर आहे, मुलींना डोक्यावरून अंघोळ घालू नका.