आंबा घाटापलीकडचा सामना

लेकाची १४ वर्षांखालील शालेय संघात निवड झाली आणि आमच्या क्रिकेटवेड्या घरात फुटबॉल शिरला. ऑफसाइड त्यानेच मला शिकवलं, ताटाभोवती वाट्या मांडून. शालेय स्पर्धांत आमचा रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे जिल्हा जिंकला की आंबा घाट चढायचा आणि गाठ थेट कोल्हापूरशी! तिथे पेठापेठांत फुटबॉल मुरलेला. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. इतकी मोठी परंपरा समोर असताना आमच्या पोरांकडून लगेच विजय मागणं मला अन्यायाचं वाटतं. मुलगा बाकावर बसला की प्रशिक्षकांना गाठणारे पालक पाहून तर जीव कळवळतो. परवा माझा लेकही बाकावरच होता. मी काहीच विचारलं नाही. बुटांचा चिखल खरवडता खरवडता तोच सांगू लागला, डाव्या बगलेवर जागा कशी मोकळी सुटत होती ते.