फेख्त नदीवर, एकदम निवांत!

अ‍ॅमस्टरडॅमला गेलेला प्रत्येक जण कॅनॉलमधून तासाभराची बोट-राइड करतो, फोटो काढतो आणि परततो. मीही तेच करणार होते. पण तिथे आयटीत काम करणारी माझी मावसबहीण म्हणाली, ''ते सगळेच करतात गं. मी उद्या सुट्टी टाकते. तू उट्रेख्तला ये, तुला खरी नदी दाखवते.''

नदीचं नाव फेख्त. उट्रेख्तहून निघते आणि चाळीसेक किलोमीटरवर मौडेनच्या किल्ल्यापाशी संपते. आम्ही लूनेन गावापर्यंत जाणार होतो.

उट्रेख्तमध्ये बोटीत बसण्यातच अर्धी मजा आहे. रस्ता वर आणि धक्का खाली, अगदी पाण्यालगत. जुन्या व्यापाऱ्यांची तळघरं या धक्क्यावर उघडतात. आता त्यातल्या कित्येकांत कॅफे थाटलेत. पुढे लागतं शहराबाहेर पडायचं लॉक, म्हणजे पाण्यातला दरवाजा. वसंतात इथून बोटी फारशा जात नाहीत, त्यामुळे दरवाजा बंद आणि अंडी घालायला निघालेले मासे अडकलेले! म्हणून २०२१पासून इथे चक्क माशांसाठी डोअरबेल आहे. पाण्याखाली कॅमेरा, जगभरातले लोक ऑनलाइन बघत बसतात, मासा दिसला की बेल दाबतात. मग दरवाजा उघडतो. ऑफिसमध्ये करण्यासारखा याहून चांगला टाइमपास मला तरी माहीत नाही.

लॉकनंतर सगळं स्लो मोशनमध्ये. काठावरून सायकलवर जाणाऱ्या एक आजीबाई आम्हाला हात करून पुढे निघूनही गेल्या. ताई अजून ऑफिसच्या मेल्स बघत होती.

खरं तर हा एकेकाळचा हायवे. माणसं बोटीत बसायची आणि काठावरून घोडा बोट ओढायचा. वेग ताशी सातेक किलोमीटर. पुढे १८९२मध्ये मेर्वेडे कालवा आला, १९५२मध्ये अ‍ॅमस्टरडॅम-ऱ्हाइन कालवा. मालवाहतूक तिकडे वळली आणि फेख्तच्या वाट्याला निवांतपणा आला.

पहिला मोठा वाडा दिसतो तो झाउलेनचा. इथे १७४०मध्ये बेले फान झाउलेन ही लेखिका जन्मली. विशीतच तिने उमरावांची टर उडवणारी गोष्ट लिहिली आणि घरच्यांनी ती बाजारातून मागे घ्यायला लावली. 'लोक काय म्हणतील' तिथेही होतंच!

मार्सेनपासून मात्र डोळे फिरतात. हिरवळी, पांढऱ्या खिडक्या आणि पाण्याच्या अगदी काठाशी टुमदार चहाघरं. सतराव्या-अठराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमचे श्रीमंत व्यापारी उन्हाळ्यात शहरातल्या कालव्यांच्या वासाला कंटाळून इथे यायचे. त्यांची सेकंड होम्सच ही! मार्सेनचं खाउडेस्टाइन हे हाउडेकोपर घराण्याचं. त्यातले धाकटे योआन अ‍ॅमस्टरडॅमचे महापौर होते आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचे संचालकही.

कंपनीचं नाव ऐकलं आणि मी एकदम वेंगुर्ल्यात पोचले. आमचं आजोळ तिथलं. सुट्टीत आम्ही दोघी बंदराजवळच्या पडक्या डच वखारीच्या बाहेर खेळायचो. भिंतीत झाडांची मुळं, छप्पर गायब. आत जाऊ नका गं, पडेल, असं आजी ओरडायची. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला आणि व्यापाराला याच कंपनीने ती वखार घातली होती.

ताईला म्हटलं, ''आठवतंय? त्याच धंद्याचं हे दुसरं टोक.'' तिने फोन खाली ठेवला. बराच वेळ आम्ही दोघी काठाकडे बघत बसलो. मसाल्यांचा पैसा, वसाहतींचा पैसा, गुलामांच्या व्यापाराचाही पैसा. एवढ्या देखण्या काठावर तो कुठेच दिसत नाही. म्हणून तर मला वखारीची ती पडकी भिंत जास्त खरी वाटली.

मग ब्रोयकेलेन आलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला नाव दिलं ते या गावाने. इथल्या नाइनरोडेच्या जुन्या किल्ल्यात १९४६पासून बिझनेस स्कूल आहे. ''इथे एमबीए करताना अभ्यास कसा होत असेल?'' ताई हसली.

लूनेनला उतरून आम्ही साय घातलेला अ‍ॅपल पाय खाल्ला. वखार अजून उभी आहे का, तिने विचारलं. आहे, पण दर पावसाळ्यात थोडी कमी होते, मी म्हटलं. डिसेंबरच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला जायचं तिथेच ठरलं.

तुम्ही फेख्तवर जाल तेव्हा चहाघरांचे फोटो जरूर काढा. पण परतल्यावर एक वीकेंड वेंगुर्ल्यालाही द्या. तिथे गेल्याशिवाय ही ट्रिप पूर्ण होत नाही.

कसं जाल? स्किपोल विमानतळावरून उट्रेख्तला थेट ट्रेन आहे, साधारण अर्धा तास. बोटी मुख्यतः उन्हाळ्यात चालतात, बुकिंग आधी करा. शेंगेन व्हिसा लागतो. आणि हो, ऊन असलं तरी जॅकेट घ्याच!