डावीकडे जुंपायचा बैल

आमच्या आजोबांनी आयुष्यभर म्हशाच्या जत्रेत बैल घेतले आणि विकले. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या त्या बाजारात ते आधी बैलाचा जबडा उघडून दात बघायचे. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलाय. मग त्याला चालवून खूर बघायचे आणि शेवटी उपरण्याखाली बोटं धरून सौदा व्हायचा. हे सगळं मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं. त्यामुळे २०२१ साली जुन्या गाड्यांच्या लिलावात उतरलो तेव्हा हा धंदा आपल्या रक्तातलाच आहे अशी माझी समजूत होती.

मुरबाड एमआयडीसीतली माझी स्टोअरची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली होती. शहापूरच्या मावसभावाचं हायवेवरच्या एका गॅरेजात बसणं-उठणं होतं. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत ऑगस्ट २०२० अखेर संपली होती, आणि पुढच्या वर्षी आम्ही भिवंडीकडची यार्डं बघायला गेलो तर ती ओढून आणलेल्या गाड्यांनी भरलेली. काचेवर खडूने लॉट नंबर, टायर जमिनीला टेकलेले आणि डॅशबोर्डवर कुणाचा तरी गणपती तसाच बसलेला. मावसभाऊ म्हणाला, "लोकांचे हप्ते थकलेत म्हणून आपल्याला स्वस्तात मिळतायत." मला त्यात काही खटकलं नाही, हेही लिहून ठेवतो.

पहिली गाडी घेतली इको. दीड लाखाच्या वर जायचं नाही असं घरून ठरवून निघालो होतो. बोली ऑनलाइन होती, आमच्या गावात रेंज नाही, म्हणून सरळगावच्या नाक्यावर एका टपरीपाशी उभा राहिलो. शेवटच्या मिनिटाला कुणी आकडा टाकला की वेळ आणखी काही मिनिटं वाढते. समोरचा कोण ते दिसत नाही, दिसतो फक्त त्याचा आकडा. पाचशे-पाचशेने चढत मी १,७२,००० ला थांबलो, आणि जिंकलो म्हणून टपरीवाल्यालाही चहा पाजला.

मग खर्च यायला लागले. लिलाववाल्यांचा आकार आणि कर ९,०००. पैसे जमवायला अठरा दिवस लागले, तेवढ्या दिवसांचं यार्डाचं भाडं रोज २५० रुपयांप्रमाणे ४,५००. किल्ली नव्हती, ती बनवायला साडेतीन हजार. टोइंग ५,०००, बॅटरी आणि दोन टायर ११,०००, डेंटिंग-पेंटिंग १३,०००, विमा ८,०००. म्हणजे बोलीवर ५४,००० चढले आणि गाडी पडली २,२६,००० ला. चार महिन्यांनी ती २,४०,००० ला विकली. दोघांत मिळून नफा चौदा हजार, पतसंस्थेचं व्याज न धरता. तेव्हा ते व्याज आम्ही मुद्दामच धरलं नाही.

पैशाची चूक मात्र सगळ्यात लहान होती. इकोच्या आरसीवर नाव अजून जुन्या मालकाचंच होतं, आणि वर फायनान्सचा बोजा. बोजा उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म लागतो, नाव बदलायला २९ आणि ३०. कागद पूर्ण व्हायला वेळ लागणार होता आणि गिऱ्हाईक तर दारात उभं होतं. आम्ही सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला, "नाव होईल सावकाश" म्हणालो आणि गाडी दिली. आमच्याकडे सगळेच असं करतात, ही तेव्हाची माझी सबब.

तीन महिन्यांनी एक फोन आला. तो इकोचा जुना मालक होता. नाशिक हायवेवर गाडी वेगाने पळवल्याचे दंड त्याच्या मोबाईलवर येत होते. आवाज चढवून बोलला असता तर मीही चढवला असता. तो एवढंच म्हणाला, "गाडी माझी नेली ना तुम्ही? मग दंड मला कसा येतो?" शहापूरच्या कोर्टात ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना गाठलं. त्यांनी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल समजावून सांगितला. गाडी किती हातांतून गेली हे बघत नाहीत. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या नुकसानभरपाईला तोच मालक. म्हणजे त्या इकोने कुणाला उडवलं असतं, तर हप्ते थकल्यामुळे ज्याची गाडी आधीच गेली होती त्याच्याच दारात समन्स गेलं असतं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी आरटीओत घालवले आणि दंडही भरले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची. तोवर आमचा धंदा आटोपला होता. तो आटोपला दुसऱ्या गाडीमुळे.

ती वॅगनआर, नंबर एमएच ०८. विमा कंपनीच्या गाड्यांच्या लिलावातली, त्यामुळे फारच स्वस्त. यादीच्या शेवटच्या रकान्यात 'फ्लड' असा शेरा होता. माझ्या मोबाईलच्या पडद्यावर तो रकाना मावत नव्हता आणि मी बोट उजवीकडे सरकवलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं हे सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं होतं, मीही. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा, हेही मला माहीत होतं. ही दोन ज्ञानं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसली होती, पण एकमेकांशी बोलली नाहीत.

गाडी घरी आल्यावर मेकॅनिकने ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, आतल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला चिखल, सीटच्या बोल्टांना गंज, वायरिंगच्या सॉकेटात हिरवट बुरशीसारखं काही. तो म्हणाला, "चालेल. किती दिवस ते विचारू नका."

धसईच्या एका निवृत्त गुरुजींनी ती १,३५,००० ला घेतली. पावसात एसटीची वाट बघायला नको म्हणून. त्यांनी विचारलं, "अपघात वगैरे झालेला नाही ना?" मी म्हणालो, "नाही गुरुजी." अक्षर न् अक्षर खरं होतं. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री आजोबांची एक गोष्ट मला आठवली होती, नाही असं नाही. एकदा विकायला नेलेल्या बैलाला चांगला भाव ठरत आला होता आणि हेच मध्येच म्हणाले, "याला डावीकडं जुंपा, उजवीकडं चालत न्हाय." भाव उतरला. आजी घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही. दात बघायला मी त्यांच्याकडून शिकलो, हे मात्र सोयीने विसरलो.

जून २०२२ मध्ये ओतूरहून परतताना वॅगनआर माळशेज घाटात बंद पडली. गुरुजी आणि बाई भर पावसात दीड तास गाडीत बसून होते. काचाही वर होईनात. गुरुजी घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुला ठाऊक होतं का रे?" मी होय म्हणालो. सगळे पैसे चार हप्त्यांत परत केले. प्रत्येक हप्त्याला ते वळणदार अक्षरात पावती लिहून द्यायचे, जणू घेणेकरी मीच आहे.

वॅगनआर वर्षभर आमच्या पडवीशेजारी उभी होती, कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. शेवटी सुट्या भागांसाठी घेणारा कुर्ल्याचा एकजण आला. तो टेंपोतून उतरायच्या आतच मी सांगून टाकलं की ही चिपळूणच्या पाण्यातली आहे. त्याने नंबरप्लेटकडे बोट दाखवलं आणि हसला. ते तर हिच्या तोंडावरच लिहिलंय, म्हणाला.